सगळे उजवीकडे बघत होते तेव्हा

१

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी चाळीस पर्यटकांनी टाळ्या वाजवून चोर पकडून दिला, कंडक्टरमामांची नोकरी वाचली आणि पोलीस ठाण्यातल्या साहेबांची दाढ निघाली.

हे वाक्य चुकून आधी आलं. ते वाचलंच नाही असं समजावं. यातलं काहीही घडलेलं नाही. आज सोमवार आहे, चोर मोकळा आहे, मामांची नोकरी लटकते आहे आणि साहेबांची दाढ जागच्या जागी ठणकते आहे.

सोमवारी घडलं ते एवढंच, की पर्यटकांना शहराचा मधला भाग फिरवून आणणाऱ्या दुमजली बसमधून चौदावी बॅग गेली. बसच्या वरच्या मजल्याला छप्पर नाही. प्रत्येक सीटला एक हेडफोन, हेडफोनला सहा चॅनेल, प्रत्येक चॅनेलवर एक भाषा. कानात बाई सांगते, आता इकडे पाहा, आता तिकडे पाहा, आणि पर्यटक पाहतात. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी बस पाच मिनिटं थांबते. बॅगा जायच्या त्या याच पाच मिनिटांत. सात महिन्यांत चौदा. चौदाव्या बॅगेत पासपोर्ट, वाचायचा चष्मा आणि एकच बाही झालेला स्वेटर होता. बॅगेच्या मालकीणबाई पासपोर्टबद्दल शांत होत्या. दुसऱ्या बाहीची लोकर आता मिळणार नाही म्हणून त्या रडत होत्या.

बसमधल्या सगळ्यांची झडती झाली. कंडक्टरमामांची दोनदा झाली. बॅग नाही. खाली रस्त्यावर नाही, सीटखाली नाही, ड्रायव्हर तर खालच्या मजल्यावरच्या आपल्या केबिनमधून हललाच नव्हता. बॅग बसमध्ये होती आणि मग नव्हती.

बस कंपनीच्या मॅनेजरांनी त्यांच्यापुरता तपास पूर्ण केला. चौदाही वेळा बसवर एकच कंडक्टर होता, आणि "बॅग सीटवर ठेवा" असं प्रवाशांना तोच सांगत होता. येत्या शनिवारपासून तो निलंबित.

चौकात काचेची एक खोली आहे. तिच्यावर 'पर्यटक साहाय्य कक्ष' अशी पाटी आहे आणि आत एक खुर्ची. त्या खुर्चीवर पोलिसांची एक तरुण अधिकारी बसते. येणाऱ्यांतले निम्मे तिला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात आणि उरलेले, ते बंद का आहे ते. उरल्या वेळात ती चोरीच्या तक्रारी वहीत उतरवते. मामांना सगळं शहर मामा म्हणतं, ड्रायव्हर म्हणतो, मॅनेजरही म्हणतात, निलंबनाच्या पत्रातसुद्धा मॅनेजरांनी आधी 'मामा' लिहून मग खोडलं होतं. खरी भाची मात्र एकच, आणि ती या खुर्चीवर बसते.

तिनं ठाण्यात जाऊन साहेबांकडे तपास मागितला. आपल्याच मामाचा तपास आपणच करणं नियमात बसत नाही, हे साहेबांना माहीत होतं. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि दाढेमुळे ते शक्य नव्हतं. त्यांनी गालावर हात ठेवून डोळे मिटले. भाचीनं तो होकार समजला आणि सलाम ठोकून ती बाहेर पडली.

तिच्याकडे चार दिवस होते, आणि पहिला संशयित तिला रोज डबा द्यायचा.

२

मामा डेपोतल्या बाकावर बसून तिकिटाचं मशीन पुसत होते. शनिवारी परत करायचं तर निदान चकचकीत करून करू, असा त्यांचा विचार होता.

भाचीची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. मामा-मामींनी तिला घरी आणलं. मामा तेव्हा साध्या शहर बसवर होते. रोज सकाळी तिला पहिल्या सीटवर बसवायचे, आणि शाळेच्या स्टॉपवर बस उभी करून, तिचा हात धरून तिला फाटकापर्यंत सोडून यायचे. बसमधले पन्नास लोक तेवढा वेळ गप्प बसून राहायचे. दहा वर्षांत एकानंही तक्रार केली नाही. त्या लोकांपैकी कुणाचंच नाव तिला माहीत नव्हतं, पण आपण पोलिसात का गेलो, असं कुणी विचारलं की तिला ते पन्नास चेहरे आठवायचे. एवढ्या लोकांचं देणं फेडायचं तर गणवेशच लागतो.

म्हणून तिनं आधी ठरवलं, की मामांना परक्या माणसासारखं विचारायचं. वही काढली. मामांनी विचारलं, जेवलीस का. तिनं वहीत लिहिलं, 'संशयितानं विषय बदलण्याचा प्रयत्न केला.'

मग मामांनी सगळं सांगितलं. मनोरा बसच्या उजव्या हाताला येतो. तो आला की वरचे झाडून सगळे प्रवासी उजव्या कठड्याशी गर्दी करतात, वाकतात, फोटो काढतात. गेल्या वर्षी एका बाईंच्या खांद्यावरची बॅग अशीच निसटली आणि खाली वाहतूक पोलिसाच्या डोक्यात पडली. पोलीस वाचला, बॅगेतलं लोणी वाचलं नाही. तेव्हा कंपनीनं सुरक्षेचा नियम काढला: मनोऱ्यापाशी बॅगा सीटवर ठेवायच्या, आणि कंडक्टरनं उजव्या कठड्याशी हात पसरून उभं राहायचं, म्हणजे कुणी वाकून पडणार नाही. मामा पाचही मिनिटं तसेच उभे असायचे. पाठ डावीकडे.

"मग डावीकडे कोण बघतं?" भाचीनं विचारलं.

"डावीकडे आहे काय बघायला? एक छत्र्यांचं दुकान आणि त्याच्यावर दातांचा डॉक्टर." मामांनी मशीन फडक्यात गुंडाळलं. "चौदा जणांना मीच म्हणालो, बॅग ठेवा सीटवर, मी आहे. शेवटचे दोन शब्द बोललो नसतो तर आज एवढं लागलं नसतं."

भाचीनं हे लिहून घेतलं नाही. वही बंद केली आणि मामांनी पुढे केलेला डबा घेतला. संशयिताकडून काही घ्यायचं नसतं, पण मामींनी भाकरीला तूप लावलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी तिनं अकराची बस पकडली.

वरच्या मजल्यावर डावीकडच्या तिसऱ्या सीटवर पासवाले आजोबा होते. निवृत्त माणूस. रोज याच बसनं फिरायचे, म्हणजे चौदाही चोऱ्यांना हजर. मॅनेजरांच्या यादीत मामांच्या खालोखाल त्यांचाच नंबर होता. आजोबांना त्याचं फार कौतुक वाटलं. बऱ्याच वर्षांनी कुणी त्यांचं नाव कुठल्याशा यादीत घातलं होतं. मात्र साक्षीदार म्हणून ते कुचकामी निघाले. मनोरा दोन हजार वेळा पाहून झाल्यामुळे तो आला की ते झोपतात. वारा बरा लागतो तिथे.

"रोज झोप लागते असंही नाही," ते म्हणाले. "ती सारखे आभार मानणारी मंडळी बसमध्ये असली ना, की डोळ्याला डोळा लागत नाही. माझ्या अंगावरून वाकून फोटो काढतात. आणि वर माझेच आभार मानतात."

ती मंडळी म्हणजे चॅनेल सहा. कुठल्याशा छोट्या देशातून तीस-चाळीसच्या घोळक्यानं येणारी, टोप्या घालणारी, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल कृतज्ञ असणारी माणसं. भाचीला ती फार आवडायची. तिच्या काचेच्या खोलीत येऊन, 'आम्हांला काहीही विचारायचं नाही, तुम्ही इथे बसता त्याबद्दल धन्यवाद,' असं सांगून जाणारी तेवढीच माणसं होती.

मनोऱ्यापाशी ती उतरली आणि रस्त्याच्या डाव्या बाजूच्या इमारतीत शिरली. तळमजल्यावर छत्रीवाला होता. त्याची तक्रार अशी, की डॉक्टरांनी भिंत रंगवायला काढली आणि परांचीचे खांब नेमके त्याच्या दुकानापुढे आले. तरी डॉक्टर भला माणूस, त्यानं फुकट दात साफ करून दिले आहेत, म्हणून आपण बोलत नाही.

पहिल्या मजल्यावर डॉक्टर. खिडकीवर बाहेरून एक भलीमोठी पांढरी दाढ टांगलेली, आणि खिडकी बरोबर बसच्या वरच्या मजल्याच्या उंचीवर. भाचीला वाटलं, हा माणूस हात लांब करून बॅग ओढू शकतो. मग डॉक्टरांचा हात पाहिला. तो जेमतेम पेशंटच्या तोंडापर्यंत पोचत होता.

डॉक्टर बसवर खूश होते. "माझ्याकडे बघून आयुष्यात कुणी हसलं नाही. तोंड उघडतात, पण हसत नाहीत. अधूनमधून या बसमधली अख्खी माणसं माझ्या खिडकीकडे बघून हात हलवतात. का ते मी विचारलं नाही. विचारलं आणि ते थांबले तर?" भिंतीच्या रंगाबद्दलही ते घरमालकीणबाईंचे आभारी होते. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या बाईंनी स्वतःहून काही करायला घेतलं होतं.

खिडकीबाहेर परांचीवर रंगारी होता. शेजारी दोन मोठे डबे आणि लांब दांड्याचा रोलर. माणूस अदबशीर, गोड बोलणारा, आणि कपडे इतके स्वच्छ, की भाचीला आपल्या बाहीवरचा चहाचा डाग झाकावासा वाटला. त्यानं कुणाला काही चोरताना पाहिलं नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून असतो. घाईनं लावलेला रंग टिकत नाही, म्हणून तो सावकाश काम करतो. त्याचं दुःख एकच होतं.

"काही काही दिवशी त्या बसमधली माणसं माझ्याकडे टक लावून बघतात, मॅडम. फोटो काढतात. परवा टाळ्या वाजवल्या. आता सांगा, माणसानं काम कसं करायचं?"

भाचीला त्याची दया आली. तिलाही कुणी बघत असलं की काम सुचत नसे. तिनं त्याचं नाव संशयितांच्या यादीतून खोडलं. पेनाला शाई कमी होती म्हणून जरा जोर देऊन खोडलं.

४

बुधवारी पाऊल पुढे पडलं नाही, म्हणून तिनं वह्या समोर ठेवल्या. एक तिची, तक्रारींची. दुसरी बस कंपनीची, कोणत्या फेरीला कोणत्या चॅनेलचे किती हेडफोन दिले त्याची.

चौदा चोऱ्या. पहिल्या चॅनेलचे चार लोक लुटले गेले, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन, चौथ्याचे चार, पाचव्याचा एक. सहाव्याचं कुणी नाही. ते तक्रार करत नसतील, असं तिला वाटलं. बॅग गेली तरी चोराला धन्यवाद देतील. म्हणून तिनं फेऱ्या पाहिल्या. ज्या फेरीला चॅनेल सहाची माणसं बसमध्ये होती, त्या फेरीला कुणाचीच बॅग गेली नव्हती. पहिल्यावाल्याची नाही, चौथ्यावाल्याची नाही. सात महिन्यांत एकदाही नाही.

तिनं खुर्ची मागे सरकवली. खोली लहान असल्यामुळे ती काचेला लागली.

मामा चॅनेल सहाच्या फेऱ्यांनाही बसवर असतात. आजोबाही असतात. मामा चोर असते तर या लोकांना बघून त्यांचा हात का थांबावा? जो कोणी होता तो टोपीवाल्या, हसऱ्या, आभार मानणाऱ्या माणसांना भीत होता. या माणसांना भिणारा माणूस भाचीच्या डोळ्यांपुढे येईना.

प्रत्येक चॅनेलची एक अभिप्राय वही असते. पर्यटक उतरताना तिच्यात दोन ओळी लिहितात. सहाव्या वहीत काहीतरी सापडेल म्हणून ती हेडफोनच्या काउंटरवर गेली. तिथे बसणाऱ्या मुलीला सगळे 'सहा नंबर' म्हणत. शहरात ती भाषा येणारी ती एकटी. चॅनेल सहाचा मजकूर तिनंच लिहिला होता आणि आवाजही तिचाच. सकाळी हेडफोन वाटायचे, दुपारी पुसायचे, आणि दिवसभर स्वतःचा आवाज दुसऱ्यांच्या कानात जाताना बघायचा.

सहा नंबरनं पाच वह्या काउंटरवर ठेवल्या. सहावी कुठे आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली, शोधून ठेवते ताई, उद्या या.

गुरुवारी भाची गेली तेव्हा सहा नंबर हेडफोन पुसत होती. एकच हेडफोन, बराच वेळ. वही हरवली आहे, असं तिनं सांगितलं. सांगताना ती भाचीकडे सोडून सगळीकडे बघत होती.

मामांच्या नोकरीचा उद्या शेवटचा दिवस होता, आणि चॅनेल सहाबद्दल जे काही माहीत होतं ते या मुलीला माहीत होतं.

५

भाचीनं तिला दटावलं नाही. दटावणं तिला नीट जमतही नसे. आरशासमोर सराव केला होता तेव्हा तिला स्वतःचीच माफी मागावीशी वाटली होती. ती काउंटरच्या आत गेली, एक फडकं उचललं आणि हेडफोन पुसायला लागली. पुसता पुसता तिनं शाळेची गोष्ट सांगितली. बस थांबवून फाटकापर्यंत सोडणारा कंडक्टर, गप्प बसलेले पन्नास लोक. आणि सोमवारपासून तोच माणूस तिकिटाचं मशीन पुसतोय, परत करायला.

सहाव्या हेडफोनला सहा नंबर उठली. फडक्यांच्या गठ्ठ्याखालून तिनं वही काढली.

"मी चोर नाही, ताई. पण हे कळलं तर माझीही नोकरी जाईल. मला ही एकच भाषा येते, आणि तिचा उपयोग या एकाच बसला आहे."

तीन वर्षांपूर्वी मजकूर लिहायचा होता. मूळ कागदावर नुसतं 'इथे पाहा' असं होतं. डावीकडे की उजवीकडे, ते ज्यानं त्यानं बसमध्ये बसून बघून भरायचं. बाकीचे पाच जण नीट पुढे तोंड करून बसले. हिला जागा उरली नाही, म्हणून मामांनी माया करून आपली सीट दिली. कंडक्टरची सीट उलटी असते. प्रवाशांकडे तोंड, पाठ ड्रायव्हरकडे. ती अख्खं शहर उलटं बसून फिरली आणि प्रत्येक ठिकाणी हात बघून प्रामाणिकपणे लिहून घेतलं. मनोरा: डावीकडे. संग्रहालय: डावीकडे. नदी: डावीकडे.

चूक तिच्या लक्षात आली ती दोन महिन्यांनी, वहीतून. भाचीनं वही उघडली. सहा नंबर भाषांतर करून वाचत गेली.

'संग्रहालय पाहून डोळे निवले. इतकी जुनी चाकं, इतकं तेल, आणि ती सांभाळणारा माणूस किती नम्र.' संग्रहालयाच्या समोर गॅरेज होतं. तेव्हापासून गॅरेजवाला रोज दाढी करायला लागला होता.

'नदी थोडी कोरडी वाटली, पण विटा सुंदर आहेत. धन्यवाद.' ती गोदामाची भिंत होती.

'तीनशे वर्षांपूर्वीची दाढ अजून इतकी शुभ्र. या शहराचे आम्ही ऋणी आहोत.'

तीन वर्षांत एकानंही तक्रार केली नव्हती. सहा नंबरला चूक सुधारायची होती. पण आधी धीर झाला नाही, आणि मग, ती खालच्या आवाजात म्हणाली, गॅरेजवाला इतका छान दिसायला लागला, की मनच होईना.

गेल्या सात महिन्यांत मनोऱ्याबद्दलचे अभिप्राय बदलले होते. मजकुरात एक वाक्य होतं: 'एका कारागिरानं आयुष्यभर खपून हे उभारलं, आणि आजही त्याचा वंशज रोज वर चढून त्याची निगा राखतो.'

सहा नंबरनं वाचलं: 'ब्रश हातात घेऊन तो ध्यान लावून उभा होता. पाचही मिनिटं हलला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.' खाली दुसऱ्या महिन्यातला अभिप्राय: 'त्याच जागी, त्याच पवित्र्यात. आमच्या शेजाऱ्यांनी हिवाळ्यात काढलेल्या फोटोशी ताडून पाहिलं. पिवळा रंग एक बोटभरही पुढे सरकलेला नाही. केवढा हा संयम. धन्यवाद.'

भाचीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सगळी बस उजवीकडे बघते. मामांची पाठ असते, आजोबा झोपलेले असतात. डावीकडे बघायला शहरानं कुणालाही ठेवलेलं नव्हतं, या एका घोळक्याखेरीज, आणि तोही चुकून. हा घोळका आला की डावीकडचा माणूस दगडासारखा उभा राहतो.

आणि ज्याच्या अंगावर सात महिन्यांत रंगाचा एक थेंब उडाला नाही, त्याचं नाव तिनं पेन दाबून खोडलं होतं.

"उद्या सहा नंबरवाले किती वाजता येतात?" तिनं विचारलं.

अकराच्या फेरीला. चाळीस जण.

६

साहेबांना ठाण्यातून बाहेर काढायचं तर दाढेवाचून दुसरा उपाय नव्हता. भाचीनं परस्पर त्यांची वेळ घेतली. शुक्रवारी पावणेअकराला ते डॉक्टरांच्या खुर्चीत आडवे होते, जबडा सुन्न, तोंडात कापूस. त्यांच्याबरोबर आलेले दोन हवालदार भाचीनं खाली छत्रीवाल्याच्या दुकानात पाठवले. छत्रीवाल्याला तिनं वर बोलावलं. दाराशी घरमालकीणबाई, कोपऱ्यात मॅनेजर. खिडकी उघडी, आणि बाहेर परांचीवर रंगारी भिंतीकडे तोंड करून उभा.

रहस्याचा उलगडा ऐकायला साहेबांइतका चांगला श्रोता कुणाला मिळाला नसेल. एकदाही मध्ये बोलले नाहीत.

भाचीनं आधी सहा नंबरची चूक सांगितली. मुलीनंच रात्री विचार करून निरोप धाडला होता, की सांगा ताई, मामांनी सीट दिली नसती तर मी उभी राहून लिहिलं असतं. मग भाचीनं चौदा फेऱ्या सांगितल्या. बॅगा झडतीत का सापडल्या नाहीत, तर त्या बसमध्ये नव्हत्याच. सगळे उजवीकडे गेले की डावीकडच्या सीटा मोकळ्या, त्यांवर बॅगा, आणि त्यांच्यापासून एका लांब दांड्याच्या अंतरावर एक माणूस.

मॅनेजर म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण एखादा रंगारी हळू काम करतो म्हणून त्याला चोर ठरवायचं, तर शहरात कुणीच सुटणार नाही.

"बरोबर आहे," भाची म्हणाली. "म्हणून मी एकच विचारते. या रंगाऱ्याला कामावर कुणी लावलं?"

छत्रीवाल्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी घरमालकीणबाईंकडे पाहिलं. घरमालकीणबाईंनी छत्रीवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही ना? मी तर तुमचे आभार मानायला कधीची येणार होते.

सात महिने तीन माणसं एकमेकांना मनातल्या मनात दुवा देत होती, आणि त्या दुव्यांच्या आधारानं एक परांची उभी होती.

"आं," साहेब म्हणाले. त्यांना खिडकी दिसत होती. खिडकीतला माणूस दिसत नव्हता.

रंगाऱ्यानं सगळं ऐकलं होतं. तो दांडा टाकून परांचीच्या कडेला पोचला होता, एक पाय खालच्या फळीवर, अजून दोन फळ्या की रस्ता आणि गर्दी. तेवढ्यात अकराचे टोले पडायला लागले आणि बस येऊन उभी राहिली. चाळीस हेडफोनांत सहा नंबरनं तीन वर्षांपूर्वीच्या प्रसन्न आवाजात सांगितलं, आता आपल्या डावीकडे पाहा.

चाळीस टोप्या डावीकडे वळल्या. चाळीस कॅमेरे वर झाले. तीनशे वर्षांच्या परंपरेचा वंशज आज चक्क हालचाल करत होता. आधी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. वाटेनं चालणारी माणसं थांबली आणि काय चाललंय ते बघायला वर बघू लागली. सात महिन्यांत पहिल्यांदा अख्खा रस्ता डावीकडे बघत होता. रंगाऱ्यानं एक पाय अधांतरी ठेवून त्या सगळ्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि काय करावं ते न सुचून कमरेत वाकून नमस्कार केला. टाळ्या वाढल्या. हवालदार सावकाश शिडी चढून वर आले. त्यांच्याही वाट्याला थोड्या टाळ्या आल्या.

डब्यांत रंग नव्हता. एकात चौथ्या चॅनेलवाल्यांच्या दोन दुर्बिणी होत्या, दुसऱ्यात एकच बाही झालेला स्वेटर. रोलरच्या टोकाला, स्पंजाच्या आत, वाकवलेला आकडा होता.

एवढ्या गडबडीत डॉक्टरांनी दाढ काढून टाकली होती. साहेबांना कळलंसुद्धा नाही.

७

रंगाऱ्यानं जबाब दिला तो मोठ्या आदरानं. बाकीच्या बॅगा कुठे आहेत ते त्यानं सांगून टाकलं. तुमच्या साध्या कपड्यांतल्या पथकाला मानलं, म्हणाला. सात महिने टोप्या घालून माझ्यावर पाळत ठेवली, फोटो काढले, आणि हसू एकदाही ढळू दिलं नाही. भाचीनं त्याचा गैरसमज दूर केला नाही. साहेबांनी तर तो वरिष्ठांना कळवून टाकला.

मॅनेजरांनी निलंबनाचं पत्र मागे घेतलं. मामांनी ते त्यांच्याकडून मागून घेतलं, कारण त्यात खोडलेलं 'मामा' त्यांना आवडलं होतं. मग ते बसवर गेले आणि चॅनेल सहाच्या चाळीस जणांसमोर उभे राहून त्यांनी सहा नंबरकडून शिकलेला एकच शब्द म्हटला. पाहुण्यांनी उलट तो मामांना म्हटला. मामांनी पुन्हा म्हटला. थांबायचं कुणी, हे दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हतं. बस चौदा मिनिटं उशिरा सुटली आणि खालच्या मजल्यावरच्या एकानंही तक्रार केली नाही. भाची रस्त्यावर उभी राहून ते बघत होती. पर्यटक तिला स्वच्छतागृह विचारत होते आणि ती नुसतीच मान हलवत होती.

सोमवारी कंपनीचा हुकूम आला. चॅनेल सहामधली चूक पंधरा दिवसांत दुरुस्त करावी आणि ती करणाऱ्या मुलीकडून लेखी खुलासा घ्यावा. सहा नंबर खुलासा लिहायला बसली आणि तिचा कागद भिजला. भाचीनं तो बाजूला केला, आपल्या खोलीतली खुर्ची पुढे ओढली आणि दुसरा कागद घेतला.

'प्रति, माननीय अध्यक्ष, नगर रचना विभाग.

'महोदय, विनंती अर्ज करण्यात येतो की, पर्यटक बसच्या चॅनेल क्रमांक सहावरील निवेदन आणि शहर यांच्यात सहा ठिकाणी तफावत आढळून आली आहे. निवेदनामुळे चौदा चोऱ्यांचा छडा लागला असून, डाव्या बाजूच्या रहिवाशांच्या वर्तनात व दाढीत सुधारणा झाली आहे. उजव्या बाजूबाबत अशी कोणतीही नोंद या कक्षाकडे नाही. सबब निवेदनात बदल करणे सार्वजनिक सुरक्षेच्या दृष्टीने उचित वाटत नाही.

'तरी घड्याळाचा मनोरा, संग्रहालय, पोस्ट, जुनी वेस व बाग ही पाच ठिकाणे रस्त्याच्या विरुद्ध बाजूस हलवण्याचे आदेश पंधरा दिवसांच्या आत व्हावेत. नदीस महिनाभराची मुदतवाढ देण्यास या कक्षाची हरकत नाही.'

खाली गॅरेजवाला, डॉक्टर, छत्रीवाला, घरमालकीणबाई आणि पासवाले आजोबा यांच्या सह्या होत्या. साहेबांनी शिक्का मारून दिला.